पेरू खालून वर: लिमाच्या किनाऱ्यापासून माचू पिचूपर्यंत बसने कसं जावं

दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाच्या अनेक सहल-कार्यक्रमांत दुसऱ्याच दिवशी सकाळी लिमाहून कुस्कोचं विमान असतं. लिमा समुद्रकाठी, कुस्को सुमारे ३४०० मीटरवर. दीड तासात माणूस तिथे पोचतो आणि पुढचे दोन दिवस डोकं धरून खोलीत पडतो. पैसे खर्च करून गेलेल्या माणसाची ही दशा पाहवत नाही, म्हणून हा लेख. माझं म्हणणं एवढंच, की पेरू खालून वर बघावा. किनाऱ्याने दक्षिणेकडे, मग आरेकिपा शहर, मग तितिकाका सरोवर आणि शेवटी कुस्को. या वाटेवर शरीराला उंचीची सवय होते, कानाला स्पॅनिशची होते, आणि माचू पिचू या इंकांच्या (स्पॅनिश येण्याआधीचे इथले राज्यकर्ते) डोंगरातल्या जुन्या नगरीला पोचेपर्यंत बाजारात भाव विचारण्याइतकी भाषा तोंडात बसलेली असते.

या वाटेला सोळा-सतरा रात्री हव्यात. लिमात दोन, पाराकासला एक, इकाजवळच्या वाकाचिनाला एक दिवस आणि रात्रीची बस, आरेकिपाला तीन, कोल्का दरीत एक, पुनो आणि सरोवरातल्या बेटावर मिळून दोन, कुस्को आणि खालच्या खोऱ्यात पाच, परतताना लिमात एक. एक दिवस मोकळा ठेवा. पेरूत ‘पारो’ म्हणजे संप आणि रास्ता रोको अधूनमधून होतात. डिसेंबर २०२२ पासून पुढचे काही आठवडे पुनो-कुस्को भागातले रस्ते आंदोलनामुळे वारंवार बंद होते आणि माचू पिचूही काही काळ बंद ठेवावं लागलं. मोकळा दिवस असला, की अशा वेळी जीव टांगणीला लागत नाही.

वर्ष कोणतंही असो, डोंगरातला कोरडा हंगाम मे ते ऑक्टोबर. डिसेंबर ते मार्च तिकडे पाऊस. लिमाचं नेमकं उलट आहे. आपला पावसाळा चालू असतो तेव्हा तिथे हिवाळा असतो, आणि आभाळ आठवडेच्या आठवडे राखाडी राहतं. मला विचाराल तर मे किंवा सप्टेंबर. डोंगर स्वच्छ दिसतो आणि जून-जुलैइतकी गर्दी नसते.

निघण्यापूर्वी: व्हिसा, लस आणि एक तिकीट

भारतीय पासपोर्टवर अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेन देशांचा किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला व्हिसा असेल, तर पेरूचा वेगळा व्हिसा लागत नाही. ही सवलत २०१७ पासून आहे. असा व्हिसा नसेल तर दिल्लीतल्या पेरूच्या दूतावासात अर्ज करावा लागतो. नियम बदलू शकतात, त्यामुळे दूतावासाचं संकेतस्थळ पाहूनच विमानाचं तिकीट काढा. मुंबईहून लिमाला थेट विमान नाही. वाटेत अमेरिकेत विमान बदलणार असाल तर अमेरिकेचा व्हिसा हवाच, नुसतं विमानतळावर बसायचं असलं तरी. युरोपात देशागणिक नियम वेगळे आहेत. तिकीट काढण्याआधी विमान कंपनीकडून उत्तर लेखी घ्या.

आता बहुतेकांच्या लक्षात न येणारी गोष्ट. पीतज्वराची (यलो फीव्हर) लस पेरूत शिरताना कुणी मागत नाही, पण भारतात परतताना मागतात. हा रोग पेरूच्या ॲमेझॉन जंगलात आहे, तुम्ही जंगलाकडे फिरकणारही नसाल. पण भारताचा नियम देश पाहतो, देशातला भाग पाहत नाही. प्रमाणपत्र नसेल तर परतल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. ही लस फक्त सरकारमान्य केंद्रांतच मिळते, आधी वेळ घ्यावी लागते, आणि प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य धरलं जातं. एकदा घेतलेली लस जन्मभर चालते. प्रवासाच्या महिनाभर आधी हे काम उरका आणि प्रमाणपत्राचं पिवळं कार्ड पासपोर्टच्या कव्हरमध्येच ठेवा.

तिसरं काम माचू पिचूच्या प्रवेशाचं. सगळ्या कार्यक्रमाची बांधणी या तिकिटाभोवती करा. तारीख आणि तास ठरलेला असतो, रोजची संख्या मर्यादित असते, आणि मे ते सप्टेंबरमधल्या जागा कित्येक आठवडे आधी संपतात. पेरूच्या संस्कृती मंत्रालयाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. नाव पासपोर्टवर आहे तसंच, आडनावासह, अक्षर न अक्षर जुळलं पाहिजे. आत फिरण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला उंचावरून दृश्य दाखवणारा, दुसरा वरचा देखावा आणि अवशेष दोन्ही दाखवणारा, तिसरा खालच्या भागातला. मिळाला तर दुसरा घ्या. प्रवेश आणि कुस्कोजवळच्या ओयांतायताम्बो गावाहून माचू पिचूकडे जाणारी रेल्वे एवढं हातात आलं, की बाकी हॉटेलं मागेपुढे करता येतात.

किरकोळ सामानात एकच सांगतो. वीज २२० व्होल्टची आहे आणि आपली दोन गोल पिनांची प्लग बसते, तीन पिनांची बसत नाही. सुटसुटीत अडॅप्टर मुंबईतच घ्या.

लिमा: दोन दिवसांत पैसा, फोन आणि कोम्बी

विमानतळाबाहेर ‘टॅक्सी, टॅक्सी’ म्हणत मागे लागणाऱ्यांकडे लक्ष न देता आतल्या अधिकृत काउंटरवरून किंवा ॲपवरून गाडी बोलवा. मिराफ्लोरेस किंवा बारांको या भागांत राहा. दोन्ही कड्यावर आहेत, खाली प्रशांत महासागर.

पेरूचं चलन सोल. एक सोल किती रुपयांना पडतो ते निघताना पाहून घ्या. बहुतेक एटीएम दर वेळी शुल्क घेतात, तेव्हा थोडे थोडे काढण्यापेक्षा एकदाच जरा जास्त काढलेले बरे. १०० आणि २०० सोलच्या नोटा हातात आल्या की पहिल्या मोठ्या दुकानात मोडून घ्या. पेरूभर सुट्ट्यांची वानवा असते. बाजारात ५० ची नोट दिली तरी बाई शेजारच्या तीन दुकानांत विचारून येते. सुट्ट्यांना तिथे ‘सेन्सियो’ म्हणतात. नाणी वेगळ्या बटव्यात साठवा. डॉलर नेणार असाल तर कोऱ्या नोटाच न्या, कोपरा फाटलेली किंवा शाईचा डाग असलेली नोट घेत नाहीत.

भाजीवाल्या बाईच्या टोपल्यांमागेही जांभळ्या रंगाचा क्यूआर कोड चिकटवलेला दिसेल. ते ‘यापे’, तिथलं मोबाइलवरून पैसे देण्याचं साधन. परक्या प्रवाशाला ते सहज वापरता येत नाही, म्हणून रोख लागतेच. २०२४ मध्ये यूपीआय चालवणाऱ्या भारताच्या एनपीसीआय या संस्थेच्या परदेशी शाखेने आणि पेरूच्या मध्यवर्ती बँकेने यूपीआयच्या धर्तीवर तिथे व्यवस्था उभारण्याचा करार केला आहे. आपल्या कामाचं काही त्यातून निघालं तर फार बरं होईल.

फोनचं सिम क्लारो, मोव्हिस्तार, एन्तेल किंवा बितेलच्या दुकानात पासपोर्ट दाखवून मिळतं. रस्त्यावरच्या विक्रेत्याकडून घेऊ नका. नकाशे आणि स्पॅनिश भाषांतर इंटरनेटशिवाय चालेल असं आधीच उतरवून ठेवा, घाटात रेंज जाते. फोन वापरताना फुटपाथच्या कडेला उभं राहू नका. मोटरसायकलवरून फोन हिसकावून नेण्याचे प्रकार लिमात होतात. काही बघायचं असेल तर दुकानात शिरा.

जुन्या शहरात जायला ‘मेत्रोपोलितानो’ ही वेगळ्या मार्गिकेतली बस उत्तम. कार्डावर पैसे भरून दारावर टेकवायचं. कार्ड नसेल तर रांगेतल्या कुणालाही नाणी दाखवा, माणसं आपलं कार्ड टेकवून देतात. पण लिमाचा खरा आवाज ऐकायचा तर एकदा ‘कोम्बी’त बसा. ही छोटी व्हॅन. दारात लटकलेला ‘कोब्रादोर’ म्हणजे वाहक एका दमात सगळ्या थांब्यांची नावं ओरडत असतो आणि गाडी पुरती थांबायच्या आत ‘सुबे, सुबे’ म्हणत माणसांना आत ओढतो. आत डोकं वाकवून उभं राहायचं, भाडं वाटेत मागेल तेव्हा नाण्यांत द्यायचं. उतरायचं असेल तर मोठ्याने ‘एस्किना, बाहा!’ म्हणजे कोपऱ्यावर उतरतोय. हळू आवाजात म्हटलंत तर पुढच्या चौकात उतराल. पिशवी पोटाशी धरा. गर्दीच्या वेळी आणि अंधार पडल्यावर कोम्बी टाळा.

इमारतींत, दुकानांत सगळीकडे हिरव्या पाटीवर पांढरा ‘एस’ दिसेल. भूकंप झाला तर उभं राहण्याची ती सुरक्षित जागा. हॉटेलात गेल्यावर ती कुठे आहे एवढं पाहून ठेवा.

बस: या प्रवासाचा कणा

पेरूच्या लांब पल्ल्याच्या बस चांगल्या आहेत, मात्र कंपनी नीट निवडली तरच. क्रूस देल सूर आणि ओल्तुर्सा ही नावं दक्षिणेच्या वाटेवर सगळ्यांच्या तोंडी असतात. इथे दहा-वीस सोल वाचवू नका. स्वस्त गाड्या वाटेत कुठेही थांबून माणसं भरतात, आणि चालक किती तास जागा आहे हे कुणालाच ठाऊक नसतं. दुमजली गाडीत खालचा मजला महाग आणि रुंद खुर्च्यांचा, वरचा स्वस्त. खुर्ची किती मागे जाते ते तिकिटावर अंशांत लिहिलेलं असतं. १४० अंशांवर दिवसाचा प्रवास होतो, रात्री झोपायचं असेल तर १६० किंवा अधिक घ्या.

लिमात सगळ्यांचा मिळून एक मोठा थांबा नाही, प्रत्येक कंपनीचा आपापला असतो. तिकिटावरचा पत्ता टॅक्सीवाल्याला दाखवा, नुसतं ‘बसस्टँड’ म्हणू नका. बाकी शहरांत मोठी स्थानकं आहेत आणि तिथे फलाटावर जाण्याआधी एक छोटा कर भरावा लागतो. एका खिडकीवर दोन-तीन सोल दिले की चिठ्ठी मिळते. ती नसेल तर दारावरून परत पाठवतात आणि तोवर गाडी सुटायची वेळ झालेली असते. मोठी बॅग काउंटरवर जमा करा, तिची पावती पासपोर्टमध्ये ठेवा. गाडीत चढल्यावर एक कर्मचारी कॅमेरा घेऊन प्रत्येक प्रवाशाचा चेहरा टिपत जातो. ती तिथली सुरक्षेची रीत आहे. पैसे, पासपोर्ट, फोन असलेली पिशवी वरच्या फळीवर किंवा पायाशी न ठेवता मांडीवर ठेवा, झोपताना पट्टा हाताला गुंडाळा.

अंतरं अशी: लिमा ते पाराकास साधारण चार तास, इका ते आरेकिपा अकरा-बारा, आरेकिपा ते पुनो सहा, पुनो ते कुस्को सहा-सात. यातली फक्त इका ते आरेकिपा ही बस मी रात्रीची सुचवतो. पुढचे दोन्ही टप्पे दिवसाच करा. घाटरस्ते आहेत आणि खिडकीबाहेर जे दिसतं ते झोपेत घालवण्यासारखं नाही.

पाराकास आणि इका

पाराकासला सकाळच्या पहिल्या नावेने बाय्येस्तास बेटांकडे जा. खडकांवर सीलसिंह ओरडत पडलेले असतात, हम्बोल्ट पेंग्विन दिसतात, आणि समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचा वास किनारा सोडल्यावर लवकरच येऊ लागतो. दुपारी वारा सुटतो, त्यामुळे उशिराची नाव घेऊ नका. वाकाचिना हे इकापासून पाचेक किलोमीटरवरचं वाळूच्या टेकड्यांतलं तळं. सूर्यास्ताआधी दोन तास निघणारी वाळूगाडी घ्या. पट्टा स्वतः ओढून तपासा, पाठीचं दुखणं असेल तर बसूच नका. नास्काच्या रेषा, म्हणजे वाळवंटात जमिनीवर कोरलेल्या प्राचीन प्रचंड आकृती, विमानातूनच पुरत्या दिसतात, लहान विमानात पोट ढवळतं. मी नास्का गाळून तो दिवस आरेकिपाला देईन.

इकात तुम्हाला आपली रिक्षा भेटेल. पेरूभर छोट्या गावांत धावणाऱ्या मोटोटॅक्सींमध्ये पुण्याच्या बजाजची तीनचाकी मोठ्या संख्येने आहे आणि तिथले लोक तिला लाडाने ‘तोरितो’ म्हणतात, म्हणजे छोटा बैल. मीटर नाही, बसण्याआधी भाव ठरवा. मालकाने टपावर दिवे, मागे देवाचं किंवा मुलीचं नाव रंगवलेलं असतं. ही गाडी आमच्या गावाकडची, असं मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये सांगितलंत तर चालक उरलेला रस्ता गप्पा मारत नेतो.

जेवण, विशेषतः शाकाहाऱ्यांसाठी

दुपारी साडेबारा ते तीन या वेळात साध्या खानावळींबाहेर फळ्यावर खडूने ‘मेनू’ लिहिलेला असतो. दहा-पंधरा सोलमध्ये सूप किंवा सुरुवातीचा पदार्थ, मुख्य ताट आणि पेलाभर सरबत. पेरूचं रोजचं जेवण हे, आणि तुम्हीही दुपारी हेच जेवा. तीननंतर भांडी घासायला गेलेली असतात.

शाकाहारी माणसाने नुसतं ‘कार्ने नको’ म्हणून भागत नाही. तिथे कार्ने म्हणजे गोमांसासारखं तांबडं मांस, त्यामुळे कोंबडी हमखास ताटात येते. पूर्ण यादीच म्हणा: ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो’, म्हणजे मांस, कोंबडी, मासा, काहीच नको. सूप तर नेहमीच कोंबडीच्या पाण्यावर असतं, ‘काल्दो दे पोयो?’ विचारल्यावर खरं उत्तर मिळतं. काटेकोर शाकाहारी असाल तर सूप सोडा.

खायला मात्र भरपूर आहे. बटाट्याचं हे माहेर. ‘पापा आ ला वांकाईना’ म्हणजे उकडलेल्या बटाट्यावर पिवळी मिरची आणि ताज्या चीजची दाट चटणी, वर अंडं आणि ऑलिव्ह. आरेकिपाचं ‘सोल्तेरितो’ हे वालासारख्या ओल्या दाण्यांचं, मक्याचं आणि चीजचं कोशिंबिरीसारखं ताट, त्यात रोकोतो ही काळ्या बियांची झणझणीत मिरची. ‘चोक्लो कोन केसो’ म्हणजे मोठ्या दाण्यांचं उकडलेलं कणीस आणि चीजचा तुकडा, हे बसच्या थांब्यावर मिळतं. आणि सोमवार लक्षात ठेवा. पेरूत सोमवारी मसूर खाल्ली की घरात पैसा टिकतो असा समज आहे, त्यामुळे त्या दिवशी बऱ्याच खानावळींत ‘लेन्तेहास’ म्हणजे मसूर-भात असतो. बरोबरचा मांसाचा तुकडा काढायला सांगा, अंडं चालत असेल तर तळलेलं अंडं मागा. परक्या मुलुखात वरणभाताच्या इतकं जवळचं काही मिळेल असं वाटलेलं नसतं. चिनी-पेरूवियन ‘चिफा’ उपाहारगृहांत भाज्यांचा ‘चाउफा’ भात सांगून करून मिळतो. काही शहरांत कृष्णभक्तांची ‘गोविंदा’ नावाची शाकाहारी उपाहारगृहंही आहेत.

मासे खाणाऱ्यांनी ‘सेविचे’ लिमातच खावं, आणि दुपारीच. तिथले लोकही ते रात्री सहसा खात नाहीत, सकाळचा ताजा मासा दुपारपर्यंत संपवायचा अशी रीत.

बाजारातल्या रसवंत्या हा माझा सगळ्यात आवडता कोपरा. आरेकिपाचा सान कामिलो किंवा कुस्कोचा सान पेद्रो बाजार घ्या. एका ओळीत उंच ओटे, प्रत्येकामागे ॲप्रन घातलेली बाई, तिच्या डोक्याहून उंच रचलेली पपई, अननस, पॅशनफ्रूट, सीताफळाच्या कुळातली चिरिमोया. सगळ्या एकदम हाका मारतात. एकीच्या स्टुलावर बसा, ‘बुएनोस दियास, कासेरिता’ म्हणा. कासेरिता म्हणजे नेहमीची दुकानदारीण, पहिल्याच भेटीत म्हटलं तरी तिला आवडतं. साखर नको असेल तर ‘सिन आसुकार’. पाण्याऐवजी दुधात किंवा संत्र्याच्या रसात करून मागितलंत तर पोटाला जपल्यासारखं होईल. ती पेला काठोकाठ भरते आणि मिक्सरच्या भांड्यात थोडं राखून ठेवते. अर्धा पेला संपला की ‘यापिता?’ म्हणून पेला पुढे करा, ती राखलेला रस वर ओतते. त्याचे पैसे नसतात. दुसऱ्या दिवशी त्याच बाईकडे गेलात तर फळांची नावं ती स्वतःहून शिकवते.

नळाचं पाणी कुठेही पिऊ नका. सात लिटरचा कॅन घेऊन खोलीत ठेवणं स्वस्त पडतं. स्वच्छतागृहाच्या पाटीवर रोमन लिपीत दोन एस, दोन एच अशी अक्षरं असतात. कागद कमोडमध्ये न टाकता शेजारच्या डब्यात टाकायचा. बाजारात आणि स्थानकात अर्धा ते एक सोल घेतात, कागद आपला असलेला बरा.

आरेकिपा आणि उंचीचा पहिला धडा

आरेकिपा २३३५ मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच शिखराच्याही वर तुम्ही आता झोपणार आहात, पण तरीही श्वासाला फारसं जाणवत नाही. म्हणूनच थांबायला ही जागा योग्य. शहर ज्वालामुखीच्या पांढऱ्या दगडाचं, डोक्यावर ५८२२ मीटरचा मिस्ती. सान्ता कातालिना हा १५७९ मधला ननांचा मठ म्हणजे शहराच्या पोटातलं दुसरं शहर, तांबड्या-निळ्या भिंतींच्या गल्ल्या. त्याला अर्धा दिवस द्या, उन्हं तिरपी झाल्यावर.

इथून कोल्का दरी. पहाटे तीनला उठवून रात्री परत आणणाऱ्या एका दिवसाच्या सहली मिळतात, त्या घेऊ नका. वाटेतली खिंड सुमारे ४९०० मीटरवर आहे. ती एका दिवसात दोनदा ओलांडायची आणि मध्ये धावपळ करायची, हे शरीराशी वैर आहे. दोन दिवसांची सहल घ्या, चिवायजवळ मुक्काम करा. सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान क्रूस देल कोन्दोर इथे हवा तापू लागली, की कोंडोर पक्षी दरीतून गोल गोल वर येतात. तीन मीटरच्या आसपास पंखांचा विस्तार, आणि पंख हलवत नाहीत. कठड्यापाशी माणसं आपोआप गप्प होतात.

उंचीच्या त्रासाला तिथे ‘सोरोचे’ म्हणतात. डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं ही साधी लक्षणं. भरपूर पाणी, हलकं जेवण, पहिल्या दिवशी दारू नाही, चालणं सावकाश. लेहला जाऊन आलेल्यांना हे ठाऊक असतं, कुस्को साधारण त्याच उंचीवर आहे. ॲसिटाझोलामाइड हे उंचीच्या त्रासावरचं औषध घ्यायचं तर भारतातच डॉक्टरांना विचारून घ्या, सल्फाची ॲलर्जी किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर आवर्जून सांगा. विश्रांती घेऊनही धाप थांबत नसेल, चालताना तोल जात असेल किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर औषधांची वाट न पाहता लगेच खाली उतरा आणि दवाखाना गाठा. कोकाच्या पानांचा चहा सगळीकडे देतात, तिथे तो कायदेशीर आहे. तिथेच प्या. पानं, चहाच्या पुड्या, कोकाची चॉकलेटं यांतलं काहीही भारतात आणू नका, आपल्याकडे तो अमली पदार्थांचा गुन्हा ठरतो.

पुनो आणि आमांतानीची रात्र

तितिकाका सरोवर ३८१२ मीटरवर. पुनो शहर स्वतः फारसं देखणं नाही, तिथे फक्त झोपा. उरोसची तरंगती लव्हाळ्याची बेटं सगळे बघतात. अर्धा दिवस जातो आणि त्यातला बराच वेळ वस्तू विकत घेण्याच्या आग्रहात. मी म्हणेन, सकाळच्या नावेने आमांतानी बेटावर जा आणि एका घरी रात्र काढा. पाहुणे कुणाच्या घरी जाणार हे गावकरी पाळीपाळीने ठरवतात. धक्क्यावर घरची बाई भरतकामाचं काळं ओढणीवजा वस्त्र डोक्यावर घेऊन उभी असते आणि तुम्हाला चढावरून घरी नेते. ती न थांबता चढते, तुम्ही दर वीस पावलांना थांबाल, त्याची लाज वाटू देऊ नका. जेवण किन्वा या तिथल्या धान्याचं सूप, बटाटे, तळलेलं चीज, वर मुन्या या रानपुदिन्याचा चहा. शाकाहाऱ्यांची इतकी सोय अख्ख्या वाटेवर कुठे होत नाही. जाताना तांदूळ, साखर, फळं न्या, बेटावर या गोष्टी महाग पडतात. मुलांना पैसे देऊ नका. जून-जुलैत रात्रीचं तापमान शून्याखाली जातं, उबदार टोपी आणि टॉर्च हवाच. दुसऱ्या दिवशी नाव ताकिले बेटावर नेते. तिथले पुरुष चालता चालता सुयांवर टोप्या विणत असतात, आणि तिथल्या वस्त्रकलेची युनेस्कोने २००५ मध्ये दखल घेतली.

कुस्को, खोरं आणि माचू पिचू

पुनोहून कुस्कोच्या वाटेवर ला राया खिंड ४३३५ मीटरवर आहे. ती ओलांडताना तुम्हाला आपल्या श्वासावरूनच कळेल, की शरीर जुळलं आहे. कुस्कोत एक रात्र काढून मी थेट ओयांतायताम्बोला जातो. ते सुमारे २८०० मीटरवर, म्हणजे कुस्कोपेक्षा खाली, आणि इंका काळच्या गल्ल्यांत लोक अजून राहतात. कुस्कोच्या पावितोस रस्त्यावरून ‘कोलेक्तिवो’ म्हणजे वाटून जाणाऱ्या गाड्या निघतात. भरली की सुटते, दोनेक तास, पर्यटक गाडीच्या मानाने फार स्वस्त. मोठी बॅग कुस्कोच्या हॉटेलात ठेवा, रेल्वेत हातातलं सामानच नेऊ देतात. ‘बोलेतो तुरिस्तिको’ हे एकत्रित तिकीट कुस्कोत घेतलंत तर ओयांतायताम्बो, पिसाक आणि साकसायवामानसकट सोळा ठिकाणं त्यात येतात, मुदत दहा दिवस.

माचू पिचूच्या पायथ्याच्या आग्वास कालिएन्तेस गावात रस्ता पोचत नाही, रेल्वे किंवा पाय एवढेच पर्याय. रेल्वे पेरूरेल आणि इंका रेल या दोन कंपन्यांची, पावणेदोन तासांच्या आसपास. स्वस्त गाडी फक्त स्थानिकांसाठी असते, परदेशी माणसाला ती मिळत नाही. कमी खर्चाची वाट म्हणजे कुस्कोहून सहा-सात तास व्हॅनने इद्रोएलेक्त्रिकापर्यंत आणि तिथून रुळांच्या कडेने दहा किलोमीटर चालत. कोरड्या हंगामात धडधाकट माणसाला ती जमते. पावसाळ्यात दरडी कोसळतात, तेव्हा विचारही करू नका.

गावात आदल्या रात्री मुक्काम करा. पहाटेपासून वर जाणाऱ्या बसला रांग लागते. पायऱ्यांनीही जाता येतं, दीड-दोन तासांचा खडा चढ. प्रवेशाच्या तासाच्या पाऊण तास आधी दारावर असा. मूळ पासपोर्ट लागतो, छायाचित्र चालत नाही. आत स्वच्छतागृह नाही, बाहेर आहे, तिथे जाऊनच आत शिरा. ठरलेल्या मार्गावरून उलटं फिरू देत नाहीत, म्हणून जे बघायचं ते तिथेच थांबून बघा. सकाळी धुकं असेल तर घाई करू नका, वरच्या गच्चीवर थांबा. नऊ-दहाच्या सुमारास ते बऱ्याचदा उचललं जातं.

मग कुस्कोला उरलेले दिवस द्या. हातुन रुमियोक गल्लीतला बारा कोनांचा दगड, कोरिकांचा या इंका मंदिराच्या भिंतीवर उभं केलेलं चर्च, सान ब्लासचा चढ. आजारी पडलात, चोरी झाली, काही अडलं, तर ‘आयपेरू’ या सरकारी पर्यटन केंद्रात जा, कुस्कोत आणि लिमात दोन्हीकडे आहेत, तिथे इंग्रजी बोलतात. पोलिसांना १०५, रुग्णवाहिकेला १०६. पासपोर्ट हरवला तर लिमातला भारतीय दूतावास. हॉटेलचं बिल देताना पासपोर्ट आणि प्रवेशाची नोंद दाखवली, की परदेशी पर्यटकाला १८ टक्के कर माफ होतो. मालक विसरला तर आठवण करून द्या.

कुस्को ते लिमा हे शेवटचं अंतर मात्र विमानानेच जा, खाली उतरताना शरीराला त्रास नाही आणि बसला एक अख्खा दिवस जातो. विमान सकाळचं घ्या, दुपारनंतर कुस्कोला वारा आणि ढग आले की उड्डाणं लांबतात. आंतरराष्ट्रीय विमान त्याच दिवशी ठेवू नका, एक रात्र लिमात हवीच. बॅग भरताना कोकाचं काही राहिलं नाही ना ते पाहा, आणि पीतज्वराचं कार्ड मोठ्या बॅगेत जाऊ न देता हातातल्या पिशवीत ठेवा. मुंबईत ते पासपोर्ट तपासणीच्या आधीच मागतात.